मागच्या पानावरचा मजकूर

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

उमा,

चौथीतल्या सतरापैकी अकरा मुलांना वाचता येत नाही. काल दुपारी केंद्रप्रमुख रोहिदास सरांनी स्वतः एकेकाला शेजारी बसवून खात्री केली. मी आधीच केली होती, पण दुसऱ्या कुणीतरी पाहावं म्हणून त्यांना बोलावलं. मुलं अडखळत वाचतात असं नाही. अक्षरंच ओळखत नाहीत.

ही तुझी मुलं. पहिलीच्या पहिल्या दिवसापासून तिसरीच्या निकालापर्यंत तुझ्या खोलीत बसलेली.

फोन करणार होते. पण फोनवर तू हसतेस आणि मी नरम पडते, हे आठ वर्षांत आपल्या दोघींनाही कळलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, तर निळ्या खुणांची वाट बघत बसले असते. म्हणून कागद घेतला. कशेळ्याच्या पोस्टात टाकते. खालापूरच्या तुझ्या नव्या शाळेत दोन-तीन दिवसांत मिळेल.

कसं कळलं ते सांगते. जूनपासून चौथी माझ्याकडे आहे, पण लावणीच्या दिवसांत निम्मी मुलं शेतावर असतात, आणि जी येत होती ती सगळी मिळून एका सुरात वाचत होती. सुरात कुणाचा आवाज कुणाचा, ते कळत नाही. गुरुवारी वाटलं, मुलांना त्यांच्याच ओळखीच्या मजकुरापासून सुरुवात करून द्यावी. कपाटातून एप्रिलच्या चिठ्ठ्यांच्या शाळेत ठेवलेल्या नकलांचा गठ्ठा काढला. तू सुरू केलेली ती पंधरवड्याची चिठ्ठी: पुढच्या पानावर वर्गाची बातमी, काय शिकलो, कोण आजारी, कुणाच्या गोठ्यात वासरू झालं, खाली मुलाने काढलेलं चित्र आणि त्याचं नाव, आणि मागच्या पानावर प्रत्येक मुलाचा स्वतःच्या अक्षरातला मजकूर. दर दुसऱ्या शनिवारी सतरा घरांत सतरा कागद जायचे. तुला हे सांगायची गरज नाही. मी तो गठ्ठा किती कौतुकाने उचलला, तेवढं मात्र तुला कळावं.

ऋतिकला उभं केलं. त्याने कागद समोर धरला आणि खणखणीत सुरू केलं, "माझ्या पप्पांची जीप निळी आहे. ती कशेळ्याहून कर्जतला जाते. जीपमध्ये पुढे देवाचा फोटो आहे." पूर्णविरामाला थांबला, पुन्हा श्वास घेतला. मग शेजारची अक्षदा उठली. "आमच्या कोंबडीने नऊ पिल्ले काढली. एक पिल्लू मुंगसाने नेले." तिनेही छान वाचलं. मी शाबासकी दिली आणि कागद परत घ्यायला गेले. ऋतिकच्या हातातल्या कागदाच्या पुढच्या बाजूला कोंबडी होती. खाली अक्षदाचं नाव. अक्षदाच्या हातातल्या कागदावर जीप.

मी कागद वाटताना अदलाबदल केली होती. दोघांनीही आपापलंच वाचलं होतं.

मला आधी हसू आलं. "काय रे, गंमत करताय होय माझी?"

"नाय बाई."

"मग हे काय वाचलंस?"

"माझं."

"आणि कागद कुणाचा आहे?"

तो कागदाकडे बघत राहिला. मग उलटून चित्र पाहिलं. "कोंबडी हाय. म्हंजे अक्षदाचा."

"बाई, ह्यानंच घेतला माझा!" अक्षदा चिडली. सगळा वर्ग हसला.

मी फळ्यावर 'निळी कोंबडी' असं लिहिलं आणि मागच्या बाकांना विचारलं. कुणी जीपचं म्हणून दाखवलं, कुणी पिल्लांचं. ऋतिक एकटाच गप्प बसला. त्याला काहीतरी कळलं असावं.

पंधरा ऑगस्ट दहा दिवसांवर आहे. झेंडावंदनानंतर चौथीच्या मुलांनी गावापुढे आपापली चिठ्ठी वाचायची, ही प्रथा तूच घातलीस. या वर्षी मी त्यांच्या हातात काय देऊ ते सांग. आणि हे असं कसं झालं तेही सांग. तुला माहीत होतं का, हे मी विचारत नाही.

आसावरी


शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

उमा,

पत्राला पत्र येईल असं वाटलं होतं. मेसेज आला. "ताई, या वयात मुलं पाठांतरातूनच शिकतात. तुम्ही दरडावून विचारलं असेल, म्हणून घाबरली. आणि प्रत्येक चिठ्ठीखाली तुमची सही आहे, हे विसरू नका."

पहिल्या दोन वाक्यांवर मी तुझ्याशी वाद घालू शकले असते. तिसरं खरं आहे. मुख्याध्यापक म्हणून सही माझीच. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तू गठ्ठा आणायचीस, मी डाव्या हाताने डबा उघडत असायचे आणि उजव्या हाताने सह्या करत सुटायचे. एखादी पुढची बातमी वाचायचे, हसायचे. मागचं पान कधी उलटलं नाही.

आणि आपली पद्धतही माझीच होती. दोन बायकांची शाळा. जिने पहिली धरली तिने तोच वर्ग चौथीपर्यंत न्यायचा. मुलांना एक आई मिळते, असं मी म्हणत असे. म्हणजे मधे कुठे दुसरी बाई बघतच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझी बदली झाली नसती, तर ही मुलं चौथी पास होऊन कशेळ्याच्या शाळेत गेली असती, आणि तिथल्या मास्तरांनी म्हटलं असतं, वरच्या वाडीतली पोरं ती, त्यांचं असंच.

काल अक्षदाला जवळ घेऊन विचारलं. दरडावून नाही. तिची वेणी सुटली होती, ती घालता घालता विचारलं.

"चिठ्ठी कशी लिहायचीस गं?"

"सोमवारी उमाबाई इचारायच्या, घरी काय झालं. मंग त्या आमचं आमचं वहीत लिहून द्यायच्या. आमी बघून बघून तसंच काढायचं. शुक्रवारपर्यंत पाठ."

"आणि कुणाचं पाठ झालं नाही तर?"

"मंग शनिवारी त्यानं घरी ताप आलाय म्हनायचं. चिठ्ठी पहिलीच्या हर्षलाबाईंकडं... नाय, तवा हर्षलाबाई नव्हत्या. उमाबाई तुमच्या कपाटात ठेवायच्या."

मी कपाट पाहिलं. मागच्या बाकावरच्या शुक्राच्या बऱ्याच चिठ्ठ्या तिथेच आहेत. त्या पोराला तीन वर्षं ताप येत होता.

जी सहा मुलं वाचतात ती घरच्यांनी शिकवलेली आहेत. साहेब आले की ती पुढे बसायची. हेही अक्षदानेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही. "आमाला मागं आवडतं बाई, खिडकी हाय."

मला तुझा राग नक्की कशाचा आला आहे, ते मी दोन दिवस शोधते आहे. शिकवलं नाहीस, याचा आहेच. पण मुलांच्या घरच्या गोष्टी तू खऱ्या विचारून घेतल्यास. कोंबडी खरी, मुंगूस खरं, निळी जीप खरी. घरच्यांनी विश्वास ठेवावा म्हणून जे जे खरं होतं ते सगळं तू वापरलंस.

रोहिदास सर पुन्हा येऊन गेले. सौम्यपणेच बोलले. "बाई, त्यांचं पाठ आहे ना? मग पंधरा ऑगस्टला म्हणू द्या. टाळ्या होतील, पेढे वाटा. पट आधीच कमी आहे. पालकांना कळलं तर दाखले काढून नेतील आणि शाळाच दुसऱ्या शाळेला जोडली जाईल. मग कुणाला शिकवणार? हळूहळू सावरून घ्या." जाता जाता म्हणाले, "शिवाय उमाबाई वीस तारखेला खालापुरात प्रशिक्षण देणार आहेत. या चिठ्ठीवरच. चाळीस शिक्षक येणार आहेत."

हे तू मला सांगितलं नव्हतंस. मे महिन्यात तू निरोप घेताना चिठ्ठ्यांचे झेरॉक्स मागून नेलेस. आठवण म्हणून हवेत, असं म्हणाली होतीस.

आसावरी


बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

उमा,

या पंधरवड्याची चिठ्ठी मी लिहिली. तुझ्याइतकी मला जमत नाही. नक्कल पाठवते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ऐकावी लागणार नाही.

"चौथीच्या पालकांना,

या पंधरवड्यात आपण तीन अंकी बेरजा केल्या. ओढ्याला पाणी असल्यामुळे दोन दिवस शाळा लवकर सोडली. शुक्रा आता रोज येतो. परसबागेतल्या भेंडीला फुलं आली आहेत.

तुमच्या मुलाला अजून वाचता येत नाही. यात त्याची चूक नाही. त्याला शिकवलं गेलेलं नाही. आतापर्यंतच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या पानावरचा मजकूर बाईंनी लिहून दिलेला आणि मुलांनी पाहून उतरवलेला होता. त्या चिठ्ठ्यांवर माझी सही आहे. सोमवार, १८ तारखेपासून शाळेआधी एक तास मी या मुलांना वाचायला शिकवणार आहे. दिवाळीपर्यंत साधी वाक्यं वाचता यावीत असा प्रयत्न राहील. खात्री देत नाही. कधीही येऊन विचारा, तुमच्यासमोर मुलाला वाचायला लावीन. मागचं पान कोरं ठेवलं आहे."

सहा घरांत दुसरा परिच्छेद वेगळा आहे. अकरा घरांत हाच.

मुलांच्या हाती दिली नाही. अर्ध्या घरांत चिठ्ठी मुलंच वाचून दाखवतात. मुलाच्या हातून पाठवली असती, तर घरी काय वाचलं गेलं असतं ते तुला ठाऊक आहे. म्हणून सोमवारपासून दारोदार जाते आहे आणि स्वतः वाचून दाखवते आहे.

ऋतिकच्या घरी मी पोचायच्या आधीच तू पोचली होतीस. धाकलू अंगणात जीप धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "या बाई. उमाबाईंचा फोन आलता सकाळी."

"काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, नव्या बाईंच्या धाकानं पोरं बिथरल्यात. तुमचा ऋतिक फस्कलास वाचतो. तुमच्या दोघींचं काय असंल ते तुमी बघून घ्या बाई, पोराला मदी नका वढू."

मी या शाळेत चौदा वर्षं आहे, उमा. धाकलूच्या धाकट्या बहिणीला मी शिकवलं आहे. नव्या बाई.

चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती पाहिली, मन लावून, ओठ हलवत. तो सातवी झालेला आहे. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "ऋतिक! रं हिकडं ये. हे वाच."

"धाकलू, नको," मी म्हटलं.

"का नको? वाचतो ना त्यो."

ऋतिक आला. चिठ्ठी घेतली. माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. चिठ्ठीवर चित्र नव्हतं. त्याने कागद नीट समोर धरला आणि सुरू केलं, "माझ्या पप्पांची जीप निळी आहे. ती कशेळ्याहून कर्जतला जाते."

धाकलूने पाइप खाली टाकला. पाणी वाहत राहिलं. पोर शेवटपर्यंत म्हणत गेलं, पूर्णविरामाला थांबत. कुणीच थांबवलं नाही.

ओट्यावर आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. धाकलूची आई. त्या सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं, आये?"

"वाचताना त्याचं डोळं हालत नाय. तुजं हालत्यात. पोस्टमनचं हालत्यात. ह्याचं एका जागी."

"मंग बोलली का नाय तू?"

"तुमी शिकल्याली मानसं. बाईची सही, सायबाचा शिक्का. मी कुनाला सांगू, डोळं हालत नाय म्हनून?"

धाकलूने जीपचं दार उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या आहेत. प्रवाशांना दाखवायचा. एकदा मीच त्याच्या जीपमध्ये बसले असताना त्याने भिसेगावच्या एका वकिलाला दाखवली होती. त्याने सगळ्यात वरची काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ही तुमची सही?"

"हो."

"वाचून केली?"

"नाही."

"मंग आमी आंगठेवालेच बरे," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पंधरा ऑगस्टला मुलं वाचणार नाहीत. मी रोहिदास सरांना तसं लेखी कळवलं आहे. त्यांनी मला पुन्हा विचार करायला तोंडीच सांगितलं आहे. धाकलूला फोन करायच्या आधी तू मला केला असतास, तर मी उचलला असता.

आसावरी


शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

उमा,

काल झेंडावंदन झालं. तू त्यातलं थोडंसं ऐकलंस. बाकीचं मी लिहिते.

एवढे पालक मी आजवर पाहिले नव्हते. रोहिदास सर पुढच्या खुर्चीवर. झेंडा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा. मग ज्या वेळी मुलं चिठ्ठ्या घेऊन उभी राहतात त्या वेळी मी उभी राहिले. म्हटलं, "या वर्षी वाचन नाही. घरोघरी सांगितलंच आहे. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं आहे त्यांनी विचारा."

मग अक्षदाची आई छाया उठली. ती बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन वाडीत आली, कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. "बाई, तीन वरसं आमी भिंतीला काय लावलं मंग? पाव्हणं आलं का दावायचो. माज्या भावाची पोरगी इंग्रजी शाळंत, तिच्यापुढं मी नाक वर करून सांगायची, आमची बघ हातानं लिव्हते." मग तिने नवऱ्याकडे वळून सुनावलं, "तुमी गप का? घरी तर लई बोलत व्हता."

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं, पण त्याने सगळ्यांचं तोंड उघडलं. दाखले कधी मिळतील, ते एकाने विचारलं. एक आजोबा म्हणाले, शाळा बंद करायचा हा सरकारचा डाव आहे. "मास्तरनीच डाव करत्यात, सरकार कशाला पायजे," असं मागून कुणीतरी म्हणालं. रोहिदास सर रुमालाने मान पुसत होते.

तेवढ्यात धाकलू म्हणाला, "एकाच बाईंला का बोलता? दुसरीला बी इचारू." त्याने फोन काढला, स्पीकर लावला, आणि तू उचललास. तुझ्या मागे तुमच्या शाळेतलं देशभक्तीचं गाणं ऐकू येत होतं.

"बाई, हिकडं समदी जमल्यात. तुमी शिकवलं का नाय, तेवडं सांगा."

तू काय म्हणालीस ते मी तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण ते शंभर माणसांनी ऐकलं. "धाकलू, आसावरीताईंना विचारा. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं." आणि फोन ठेवलास.

सगळे माझ्याकडे वळले. छायासुद्धा. मी म्हटलं, "नाही. मला गेल्या महिन्यात कळलं."

लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. चौदा वर्षं आहे ना मी इथे. धाकलूने मान हलवली, "बघा," म्हणाला, "आता ती बाई ह्यांच्यावर ढकलते." मग सगळा राग तुझ्याकडे गेला. आनंदीबाईंनी मला पाणी आणून दिलं.

पेढे वाटले. मुलं घरी गेली. मी झेंड्याची दोरी पुन्हा बांधली आणि बराच वेळ पायरीवर बसले. तू मला गावापुढे उघडं पाडायला निघाली होतीस, हे मला विसरता येणार नाही. आपण एका डब्यात जेवलो आहोत, उमा.

आसावरी


गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

उमा,

पालकांनी तालुक्याच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. सोमवारी, २५ तारखेला, सकाळी अकरा वाजता कर्जतला चौकशी आहे. दोघींनाही हजर राहायचं आहे. तुझ्या शाळेला पत्र गेलं आहे, असं तिथल्या क्लार्कने मला फोनवर सांगितलं.

पहिली-दुसरीला आलेली आमची नवी हर्षला काल खालापुरातल्या तुझ्या प्रशिक्षणाला होती. परत आल्यावर तिने बॅग खाली ठेवायच्या आधी सांगितलं. तू पडद्यावर ऋतिकचा कागद दाखवलास. निळ्या जीपचा. "या मुलाच्या वडिलांनी ही चिठ्ठी गाडीत लावली आहे," असं सांगितलंस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा तारखेला तो सगळा प्रकार ऐकल्यावर, वीस तारखेला तू तोच कागद दाखवू शकलीस. हर्षला सव्वीस वर्षांची आहे. मला म्हणाली, "बाई, मीही वाजवल्या. हात थांबलेच नाहीत." मग रडली.

सकाळचा तास सोमवारी सुरू झाला. नऊ मुलं येतात. दोघांचे दाखले गेले. शुक्रा सगळ्यांच्या आधी येऊन दारात बसलेला असतो. ऋतिकला मी काहीच म्हणायला लावत नाही, कारण त्याने तोंड उघडलं की पाठ केलेलंच बाहेर येतं. तो नुसता बोट ठेवतो. काल त्याने 'न' सापडला म्हणून बोट ठेवलं आणि चूक असेल म्हणून लगेच काढून घेतलं. बरोबर होता. नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर असण्याची भीती वाटते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता जे लिहिते आहे ते मी मागच्या चार पत्रांत लिहिलं नाही.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याचं, अजेयचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. दीड महिना मी दवाखान्यात होते. शाळेत तू एकटी. चारही वर्ग, पोषण आहार, सगळे तक्ते, माझ्या सह्यांची वाट बघणारे कागद. शिवाय दर रविवारी भिसेगावाहून आमच्या घरी डबा आणायचीस. माझी बहीणही तेवढी आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मी परत रुजू झाले. त्या दुपारी तू बँकेत गेली होतीस, म्हणून तुझी दुसरी मी घेतली. मुलांना पुस्तक उघडायला सांगितलं. मागच्या बाकावर अक्षदाचं पुस्तक उलटं होतं. ती वाचत होती. मी ते सुलटं करून दिलं, आणि ती जिथे होती तिथूनच पुढे म्हणत राहिली. पान तेच नव्हतं. मी आणखी तिघांजवळ गेले. मग फळ्याकडे परत आले आणि मुलांना चित्र काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तुला म्हटलं, "उमा, मागची मुलं वाचत नाहीत गं."

तू भाकरी मोडत होतीस. म्हणालीस, "ताई, दीड महिना चार वर्ग ओढलेत. घेईन करून."

मी म्हटलं, "बरं."

पुन्हा कधी विचारलं नाही. तुझे उपकार होते आणि मला तुला दुखवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. त्यात खोटं काही नाही. पण त्याच वर्षी चिठ्ठीमुळे शाळेला तालुक्याचा पुरस्कार मिळाला, तो घ्यायला मंचावर मी गेले होते, आणि साडी मी नवी घेतली होती.

म्हणून पंधरा तारखेला फोनवर तू खोटं बोलली नाहीस. 'पहिल्यापासून' म्हणालीस, तेवढी चूक. मी गावापुढे 'नाही' म्हटलं, ते खोटं होतं. तू मला फसवलंस यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. मे महिन्यात आठवण म्हणून तू जे नेलंस त्याचं काय केलंस, ते मी पाहिलं आहे. धाकलूला तू काय सांगितलंस, ते मी त्याच्या अंगणात ऐकलं आहे. पण तू माझ्या 'बरं'च्या भरवशावर पुढची दीड वर्षं काढलीस, आणि ते पालकांना माहीत नाही. त्यांना वाटतं, मी त्यांच्या बाजूला आहे. छाया काल शाळेत अळूच्या वड्या घेऊन आली होती. मला त्या खाता आल्या नाहीत.

रोहिदास सरांनी अहवाल तयार केला आहे. त्यात बाब लक्षात आल्याची तारीख ३१ जुलै २०२५ अशी आहे. काल ते मला म्हणाले, "बाई, तारखेत फक्त गोंधळ नको. ही तारीख ठेवली की तुमच्यावर काही येत नाही. जे काय ते उमाबाईंवर." तुझं प्रशिक्षण त्यांनीच सुचवलं होतं, हेही आता ते कुठे बोलत नाहीत.

तू काय सांगणार आहेस, ते मला माहीत नाही. तूही तीच तारीख मान्य करून, उरलेलं सगळं बदलीवर आणि पाठांतरावर ढकलशील, असं हर्षलाला वाटतं. आपण दोघी गप्प राहिलो, तर ते चालूनही जाईल. पुरावा म्हणून कुणाकडे काय आहे? सात वर्षांच्या मुलीचं एक उलटं पुस्तक.

धाकलू सोमवारी फेऱ्या बंद ठेवून आठजणांना कर्जतला घेऊन येणार आहे. छाया येईल. आनंदीबाई जीपमध्ये पुढे बसणार, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. त्या कार्यालयात खुर्च्या कमी आहेत, मंडळी भिंतीला टेकून उभी राहतील, म्हणजे आपल्या अगदी समोर. चौकशीत पहिला प्रश्न मुख्याध्यापकाला विचारतात: हे तुमच्या लक्षात केव्हा आलं?

मी नोव्हेंबर दोन हजार तेवीस सांगणार आहे. त्यानंतर ते तुझ्याकडे वळतील.

आसावरी